नव्या दिग्दर्शकांचे पहिले चित्रपट करणारा स्वतंत्र निर्माता: हे करिअर कसं उभं राहतं

प्रश्न असा आला आहे: लाइन प्रोड्यूसर म्हणून काही वर्षं सेट सांभाळले, आता स्वतःची लहान निर्मितीसंस्था काढून नव्या दिग्दर्शकांचे पहिले चित्रपट करायचे आहेत. यावर घर चालतं का, माणसं कशी निवडायची आणि सुरुवात नेमकी कुठून करायची? मी बरीच वर्षं हेच काम करते आहे, म्हणून उत्तर थोडं लांबेल.

घर चालतं, पण पहिल्या चित्रपटाच्या नफ्यावर चालेल असं धरून यात उतरू नका. निर्मात्याचं मानधन साधारण बजेटच्या पाच टक्क्यांच्या आसपास धरलं जातं. बजेट लहान असलं की ही रक्कम मुळातच लहान, आणि कल्पनेपासून पहिल्या प्रदर्शनापर्यंत चार-पाच वर्षं सहज जातात. त्या वर्षांवर ती वाटून पाहा, म्हणजे अंदाज येईल. शिवाय बजेटमध्ये तूट आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती याच मानधनाला. म्हणून लाइन प्रॉडक्शनचं काम सोडू नका. वर्षातले काही महिने त्या कामाला द्या आणि बाकीचे महिने स्वतःच्या चित्रपटांना. या क्षेत्रात टिकलेले बहुतेक निर्माते असंच करत आले आहेत, त्यात कमीपणा काही नाही. उलट त्यामुळे क्रूशी ओळख ताजी राहते, आणि नव्या दिग्दर्शकाला चांगला ध्वनिमुद्रक किंवा प्रॉडक्शन डिझायनर मिळवून देताना हीच ओळख उपयोगी पडते.

लाइन प्रोड्यूसर आणि निर्माता यांच्या कामात मोठा फरक आहे. लाइन प्रोड्यूसरच्या हातात तयार संहिता येते, रक्कम येते, तारखा येतात, आणि त्या चौकटीत चित्रपट पुरा करायचा असतो. निर्मात्यापुढे बहुतेक वेळा फक्त एक माणूस बसलेला असतो, आणि त्याच्याकडे वीस पानांचं टिपण असतं. त्या माणसाला सर्वांत जास्त आधार लागतो तो शूटिंगच्या आधीच्या दीड-दोन वर्षांत. नेमक्या याच काळासाठी पैसे द्यायला कुणी तयार नसतं. शूटिंगसाठी गुंतवणूकदार मिळू शकतो, कारण शूटिंग दिसतं. तिसरा खर्डा दिसत नाही. माझ्या मते नव्यांच्या पाठीशी उभं राहणं म्हणजे या न दिसणाऱ्या काळाचा खर्च आणि जबाबदारी उचलणं.

याचं एक उदाहरण मला नेहमी सांगावंसं वाटतं. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे ‘कोर्ट’ लिहीत होते तेव्हा अभिनेते विवेक गोम्बर यांनी त्यांना दरमहा ठरावीक रक्कम दिली, म्हणजे दुसरी कामं न शोधता ते संहितेवर बसू शकले. पुढे गोम्बर यांनीच तो चित्रपट निर्माण केला आणि त्यात कामही केलं. 2014 मध्ये व्हेनिस महोत्सवात त्याला पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा ‘लायन ऑफ द फ्यूचर’ पुरस्कार मिळाला. या पुरस्काराची रक्कम एक लाख डॉलर असते आणि ती दिग्दर्शक व निर्माता यांच्यात निम्मी-निम्मी वाटली जाते. पहिल्या चित्रपटात निर्मात्याचा वाटा किती असतो, हे या नियमातच मान्य केलेलं आहे. 2020 च्या ‘द डिसायपल’लाही हीच जोडी एकत्र होती.

आता माणूस कसा निवडायचा. लघुपट चांगला आहे म्हणून थेट करार करू नका. लघुपटात एक कल्पना तगून जाते. दीड-दोन तासांच्या चित्रपटात दिग्दर्शकाला माणसांचं वागणं दर दहा मिनिटांनी नव्याने उलगडावं लागतं. मी लघुपट पाहताना दिसणाऱ्या सफाईपेक्षा दोन गोष्टी शोधते. एक, नटांकडून काय काढून घेतलं आहे, विशेषतः जे बोलत नाहीत त्यांच्याकडून. दुसरं, दृश्य कुठे थांबवलं आहे. दृश्य कुठे संपवायचं हे ज्याला कळतं त्याला बाकीचं शिकवता येतं. त्यानंतर त्या लघुपटाच्या सहायक दिग्दर्शकाला आणि संकलकाला भेटा. वेळ कमी पडला तेव्हा दिग्दर्शकाने काय सोडलं आणि काय धरून ठेवलं, हे त्यांना विचारा. नंतर कुठल्याही मुलाखतीत एवढी माहिती मिळत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाची परीक्षा दुसऱ्या खर्ड्याची. संहितेवर सविस्तर टिपणं द्या आणि महिना-दीड महिना थांबा. जो लेखक-दिग्दर्शक तुमची सगळी टिपणं जशीच्या तशी पाळून येतो, त्याच्याबद्दल मला काळजी वाटते. जो एकही मान्य करत नाही, त्याच्याबद्दल जास्त वाटते. ज्याच्यासोबत पाच वर्षं घालवावीत असा माणूस तिसऱ्या प्रकारचा असतो: तुम्ही दाखवलेली अडचण तो मान्य करतो, पण तुम्ही सुचवलेला उपाय बाजूला ठेवून स्वतःचा, जास्त चांगला उपाय घेऊन येतो. म्हणून टिपणं देतानाही उपाय कमी आणि प्रश्न जास्त द्या. ‘ही बहीण या प्रसंगानंतर कुठे जाते?’ हा प्रश्न ‘बहिणीचा एक सीन वाढवा’ या सूचनेपेक्षा कितीतरी उपयोगाचा. तोंडी बोलणं झालं तरी टिपणं लेखीच द्या, आणि संहिता तुमच्या मनात कुठे बसली हे आधी सांगा. नवा माणूस तुमच्या एका वाक्यावर आठवडाभर झोप घालवू शकतो, याची जाणीव ठेवून शब्द निवडा.

निवड झाली की त्याच आठवड्यात कागद करा. मैत्री आहे, विश्वास आहे, चांगलं आहे. पण लेखी काही नसलेली मैत्री चित्रपटाला पैसे मिळायला लागले की सर्वांत आधी तुटते. संहितेवर ऑप्शन करार करायचा असतो. ठरलेल्या मुदतीपुरता, सहसा बारा ते अठरा महिने आणि पुढे वाढवण्याची सोय ठेवून, तुम्ही चित्रपट करण्याचा हक्क राखून ठेवता आणि त्यासाठी रक्कम देता. पूर्ण हक्कांच्या किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ऑप्शनची रक्कम असणं ही जुनी पद्धत आहे. रक्कम लहान असली तरी ती खरंच द्या. फुकट घेतलेला ऑप्शन दोन्ही बाजूंना बेफिकीर करतो. मुदत संपली आणि तुमच्याकडून काही झालं नाही, तर हक्क लेखकाकडे परत गेले पाहिजेत, हे करारात स्पष्ट लिहा. नव्या लेखकाची संहिता वर्षानुवर्षं कुणाच्या तरी कपाटात अडकून राहणं हा या क्षेत्रातला मोठा अन्याय आहे आणि तो टाळणं पूर्णपणे आपल्या हातात आहे.

याच कागदांतून ‘चेन ऑफ टायटल’ तयार होते, म्हणजे मूळ कल्पनेपासून अंतिम चित्रपटापर्यंतचे सगळे हक्क कुणाकडून कुणाकडे गेले याची अखंड साखळी. मूळ कथा कुणाची होती, सहलेखक कोण होता, लघुपटावरून चित्रपट करत असाल तर त्या लघुपटाचे हक्क कुणाकडे होते, हे सगळं त्यात येतं. साखळीतली एक कडी गहाळ असली तरी त्रुटी-चूकभूल विमा, म्हणजे ई अँड ओ, मिळत नाही, आणि तो नसला की मोठे वितरक आणि प्लॅटफॉर्म करार पुढे नेत नाहीत. फिल्म स्कूलमध्ये केलेल्या लघुपटांचे हक्क पुष्कळदा संस्थेकडे असतात, हे तर आवर्जून तपासा.

हीच शिस्त नव्यांच्या बाजूने वापरायची असते. काही निर्माते पहिल्या चित्रपटाच्या बदल्यात दिग्दर्शकाचे पुढचे तीन चित्रपट बांधून घेतात. मला हे पटत नाही. पुढची संहिता आधी आम्हाला दाखवावी, आम्ही ठरलेल्या मुदतीत होकार किंवा नकार कळवू, एवढी ‘फर्स्ट लुक’ची अट पुरे. दिग्दर्शक परत यायचा तर तुमच्या वागण्यामुळे यावा. अमेरिकी निर्मात्या क्रिस्टीन व्हाशॉन यांनी दिग्दर्शक टॉड हेन्स यांचा ‘पॉयझन’ निर्माण केला. 1991 मध्ये त्याला अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळालं, आणि त्यानंतर 2023 च्या ‘मे डिसेंबर’पर्यंत हेन्स यांच्या प्रत्येक चित्रपटाच्या निर्मितीत व्हाशॉन राहिल्या. तीन दशकांहून जास्त काळाचं असं नातं करारातल्या कलमाने बांधून ठेवता येत नाही.

कमी खर्चाचे चित्रपट करणारे अमेरिकी निर्माते रॉजर कॉर्मन यांचं नाव या संदर्भात निघतंच. कपोला, स्कॉर्सेसी, बॉग्दानोविच, जोनाथन डेमी अशा कितीतरी दिग्दर्शकांना सुरुवातीच्या काळात त्यांनी काम दिलं. त्यांची पद्धत वेगळी होती: मर्यादा कडक, पण मर्यादेच्या आत मोकळीक. अभिनेते बोरिस कार्लॉफ यांचे कॉर्मनसोबतच्या करारातले दोन दिवस शिल्लक होते. ते वापरायचे आणि जुन्या चित्रपटातली काही फिल्मही वापरायची, या अटीवर कॉर्मन यांनी बॉग्दानोविच यांना चित्रपट करायला सांगितलं. त्यातून 1968 चा ‘टार्गेट्स’ झाला. कॉर्मन फार कमी पैसे देत, आणि ते अनुकरणीय नाही असं माझं ठाम मत आहे. पण अट आधी सांगायची आणि मग दिग्दर्शकाच्या वाटेत यायचं नाही, एवढं त्यांच्याकडून घ्यावं. नव्या दिग्दर्शकाला बजेटचा खरा आकडा पहिल्याच दिवशी सांगा. त्या आकड्यात बसेल असं लिहायला तो शिकतो. शूटिंगच्या तीन आठवडे आधी आकडा कळला, तर त्याची निम्मी कल्पनाशक्ती कापाकापीत जाते.

पैसे कुठून येतात? पहिल्या चित्रपटाला एकाच ठिकाणाहून क्वचितच येतात. थोडी खासगी गुंतवणूक, एखादा विकसन निधी, सहनिर्माता, कर-सवलत किंवा अनुदान, आणि कधी वितरकाची आगाऊ रक्कम, असं जुळवावं लागतं. संहिता आणि विकसनासाठी मदत करणारे निधी थोडे असले तरी आहेत. रॉटरडॅमचा ह्युबर्ट बाल्स फंड 1988 पासून आहे. त्याच महोत्सवाचा सिनेमार्ट 1983 मध्ये सुरू झाला आणि आज जगभर जे सहनिर्मिती-बाजार, म्हणजे नव्या प्रकल्पांची सहनिर्मात्यांशी गाठ घालून देणारे मेळावे, चालतात त्यांचा तो पूर्वज. बर्लिनचा वर्ल्ड सिनेमा फंड 2004 पासून आहे. भारतात एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार 2007 पासून भरतो. तिथे संहितांची लॅब, म्हणजे सल्लागारांसोबतची कार्यशाळा, सहनिर्मिती-बाजार आणि अपुऱ्या कटवर काम करणारी लॅब, असे तिन्ही टप्पे आहेत. व्हेनिसचा बिएनाले कॉलेज सिनेमा 2012 मध्ये सुरू झाला. त्यात पहिला किंवा दुसरा चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाने निर्मात्यासोबत जोडीने यायचं असतं आणि निवडलेल्या चित्रपटाला पूर्ण निर्मितीसाठी रक्कम मिळते, आधी दीड लाख युरो होती, पुढे दोन लाख झाली. खुद्द निर्मात्यांसाठी प्रशिक्षण हवं असेल तर युरोपात 1988 पासून चालणारं ईएव्हीई पाहा.

अर्ज करताना एक पथ्य पाळा. निधी मिळावा म्हणून संहितेचा स्वभाव बदलू नका. लॅबमध्ये पाच सल्लागार पाच दिशा दाखवतात, आणि नवा लेखक प्रत्येकाला खूश करायला धावतो. तिथून परतल्यावर पंधरा दिवस त्याला काहीच लिहू देऊ नका, आणि मग विचारा, यातलं काय अजून आठवतंय? जे आठवतं ते बहुधा कामाचं असतं.

सहनिर्मितीबद्दल थोडक्यात. परदेशी सहनिर्माता पैसे आणतो तेव्हा त्या पैशातला बराचसा भाग त्याच्याच देशात खर्च करण्याची अट बहुधा असते; म्हणून ध्वनी, कलर ग्रेडिंग किंवा व्हीएफएक्स तिकडे जातं. कथेला ते मानवत असेल तर उत्तम. पण त्यासाठी दिग्दर्शकाला त्याच्या नेहमीच्या साउंड डिझायनरपासून तोडावं लागणार असेल, तर त्या पैशाची किंमत पुन्हा मोजा. आणि आर्थिक आराखडा जुळला म्हणजे पैसे हातात आले असं समजू नका. कर-सवलत खर्चानंतर मिळते, निधीचा शेवटचा हप्ता चित्रपट सोपवल्यावर. रोजचा खर्च कुठल्या आठवड्यात कुठून भागणार, याचा रोख-प्रवाहाचा तक्ता वेगळा लागतो. पुष्कळ पहिले चित्रपट आराखड्यात पैसे पुरेसे असतानाही दोन हप्त्यांच्या मधल्या पोकळीत थांबतात.

शूटिंगचं तुम्हाला नव्याने काय सांगणार? एवढंच म्हणेन की नव्या दिग्दर्शकासाठी सर्वांत अनुभवी माणूस फर्स्ट एडी, म्हणजे सेटचं वेळापत्रक सांभाळणारा मुख्य सहायक दिग्दर्शक, असावा. पुष्कळ जण छायाचित्रकार अनुभवी घेतात आणि एडी होतकरू. मग सेटवर कॅमेराच निर्णय घेऊ लागतो. फर्स्ट एडी मुरलेला असला की दिग्दर्शकाला नटांसाठी वेळ मिळतो, आणि पहिल्या चित्रपटात तोच वेळ कमी पडतो. दहा टक्के कंटिन्जन्सी, म्हणजे अनपेक्षित खर्चाची राखीव रक्कम, कुठल्याही परिस्थितीत कापू नका. आणि क्रूला पैसे द्या. ‘पहिला चित्रपट आहे, सगळे मनापासून करतायत’ म्हणून फुकट काम करून घेणं हे नव्यांना आधार देणं नव्हे. नवा दिग्दर्शक उभा करताना नव्या सहायकांना आपण उपाशी ठेवतो. मानधनाचा काही भाग पुढे ढकलावाच लागला तर तो करारात लिहा, आणि मिळकतीतून तो कुठल्या क्रमाने फेडला जाईल तेही लिहा.

संकलनात निर्मात्याची खरी कसोटी लागते. पहिला जोड नेहमीच लांब आणि निराश करणारा असतो. तो गुंतवणूकदाराला दाखवू नका, कितीही आग्रह झाला तरी. दिग्दर्शक आणि संकलकाला ठरलेले आठवडे निर्धास्त द्या आणि मगच आत जा. अंतिम कटचा, म्हणजे चित्रपटाचं शेवटचं रूप ठरवण्याचा, अधिकार बहुतेक पहिल्या करारांत निर्मात्याकडे असतो. तो वापरायची वेळ आणू नये, पण वेळ आली की दुसऱ्या कुणी वापरण्यापेक्षा तुम्ही वापरलेला बरा, म्हणून तो गुंतवणूकदाराकडे जाऊ देऊ नका. चित्रपटाशी संबंध नसलेल्या दहा-बारा माणसांना तो दाखवा. त्यांनी सुचवलेले बदल ऐकण्यापेक्षा ती कुठे चुळबुळली हे बघा.

डिलिव्हरीच्या, म्हणजे तयार चित्रपट सगळ्या साहित्यासह विक्रेत्याकडे सोपवण्याच्या, खर्चाची तरतूद पहिल्या दिवसापासून करा. विक्रेत्याला डीसीपी, म्हणजे चित्रपटगृहात दाखवायची डिजिटल प्रत, लागतो, सबटायटल्स लागतात, संवाद वगळून फक्त संगीत आणि ध्वनिपरिणामांचा ट्रॅक लागतो, संगीताची क्यू शीट, म्हणजे कुठलं संगीत कुठे वापरलं याची यादी, लागते, प्रत्येक नटाचं संमतिपत्र लागतं, आणि सेटवर काढलेली चांगली स्थिरचित्रं लागतात. फोटोग्राफर फक्त दोन दिवस बोलावला म्हणून कुठल्याच महोत्सवाच्या पुस्तिकेत धड चित्र नाही, असं फार चित्रपटांचं होतं. संगीताचे हक्क फक्त महोत्सवापुरते स्वस्तात घेतले आणि चित्रपट विकला जायची वेळ आली, की त्याच गाण्याची किंमत कित्येक पट होते. गाणं बदलणं शक्य असतं तोवरच हे ठरवून टाका.

जागतिक प्रीमियर एकदाच होतो. पहिल्या आलेल्या आमंत्रणाला हो म्हणायची घाई दिग्दर्शकाला होणारच. त्याच्यासोबत बसून पाहा: त्या महोत्सवात सेल्स एजंट, म्हणजे देशोदेशीच्या वितरकांना चित्रपट विकणारे मध्यस्थ, येतात का, पहिल्या चित्रपटांचा वेगळा विभाग आहे का, तिथे प्रीमियर झाला तर कुठले दरवाजे बंद होतात. सेल्स एजंटचं कमिशन साधारण पंधरा ते पंचवीस टक्के असतं, आणि त्यावर प्रसिद्धी-प्रवासाचा खर्च तो आधी वसूल करतो. त्या खर्चावर करारात मर्यादा घाला. मर्यादा नसली तर विक्री होऊनही तुमच्यापर्यंत काही पोचत नाही.

त्यानंतर परताव्याचा क्रम, ज्याला सगळे वॉटरफॉल म्हणतात. ढोबळमानाने आधी कमिशन आणि खर्च, मग कर्ज, मग ढकललेली मानधनं, मग गुंतवणूकदाराची मुद्दल व त्यावर ठरलेला दहा-वीस टक्क्यांचा अधिलाभ, आणि उरलेल्या नफ्याची गुंतवणूकदार व निर्मात्याच्या बाजूत निम्मी वाटणी. नटांना आणि दिग्दर्शकाला दिलेले टक्के तुमच्या निम्म्यातून जातात. हा तक्ता दिग्दर्शकाला कागदावर आकडे मांडून समजावून सांगा, शूटिंगच्या आधी. आणि चित्रपट लागल्यावर दर सहा महिन्यांनी हिशेब पाठवा, जमा शून्य असेल तरी पाठवा. हिशेब न पाठवणाऱ्या निर्मात्यांमुळे नव्या लोकांचा या धंद्यावरचा विश्वास उडतो. माझ्याकडे परत आलेल्या दिग्दर्शकांपैकी पुष्कळ जणांनी कारण म्हणून हे हिशेबाचे कागदच सांगितले आहेत.

करिअर म्हणून पाहायचं तर एका वेळी एकच चित्रपट हाती धरू नका. चार-पाच प्रकल्प वेगवेगळ्या टप्प्यांवर असू द्यात: एक लेखनात, एक निधीच्या शोधात, एक संकलनात. त्यातले सगळे होणार नाहीत. जे होणार नाहीत ते ओळखून वेळेवर हक्क परत करा आणि लेखकाला समोर बसून कारण सांगा. स्वतःचं घर किंवा घरच्यांची बचत पहिल्या चित्रपटाला तारण ठेवू नका. तुम्ही बुडालात तर त्या दिग्दर्शकाचा दुसरा चित्रपट करायला कुणी उरत नाही. आणि दुसऱ्या चित्रपटाचं बोलणं पहिल्याच्या प्रीमियरआधी सुरू करा. कौतुकाच्या त्या वर्षात फोन खूप येतात, लिहिणं थांबतं. तेव्हा पुढच्या संहितेचा ऑप्शन झालेला असला, थोडीशी रक्कम दिलेली असली, तर दिग्दर्शकाला घरी परतून लिहायला बसण्याचं कारण असतं.

तुमच्या बाबतीत सुरुवात अशी करा. पुढच्या वर्षभरात लाइन प्रॉडक्शनच्या उत्पन्नातला ठरावीक भाग वेगळ्या खात्यात टाका, फक्त लेखनासाठी. एखाद्या फिल्म स्कूलचे आणि लहान महोत्सवांचे लघुपट बघा, आणि त्यातल्या एकाच दिग्दर्शकाला निवडा. मग एका मनोरंजन-वकिलाकडून साधा ऑप्शन करार करून घ्या. आंतरजालावरून उचललेला नमुना वापरू नका. त्या दिग्दर्शकाला दुसऱ्या खर्ड्यापर्यंतचे पैसे द्या. तो खर्डा हातात आल्यावर गुंतवणूकदाराचा नंबर शोधायला लागा, त्याआधी नाही.